मोंटानानं पाठवलं घोडं, वॉशिंग्टननं वाचला झेब्रा : एका लायसन्सच्या कायद्याचा प्रकरण अभ्यास

१७ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचे गव्हर्नर ब्रायन श्वाइत्झर यांनी एका छोट्याशा कायद्यावर सही केली. त्याचं पहिलं कलम वाचताना आपण कायदा वाचतोय की कोर्टाचा निकाल, असा प्रश्न पडतो. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी देशभर निकष घालणारा, अमेरिकी काँग्रेसनं २००५ साली केलेला ‘रियल आयडी’ कायदा मोंटानाच्या जनतेच्या सुरक्षिततेला आणि हिताला मारक आहे, लोकांवर विनाकारण खर्च आणि त्रास लादणारा आहे आणि राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीत सांगितलेल्या संघराज्याच्या तत्त्वांचा भंग करून तो संमत झालेला आहे, असा ‘निष्कर्ष’ राज्याच्या विधिमंडळानं त्यात काढला आहे. पुढचं कलम त्याहून रोखठोक आहे. मोंटाना या कायद्याच्या अंमलबजावणीत सहभागी होणार नाही. संबंधित खात्यानं तो अमलात आणायचा नाही. आणि वॉशिंग्टनच्या कुणा अधिकाऱ्यानं त्या खात्यामार्फत तो राबवून घ्यायचा प्रयत्न केलाच, तर ते गव्हर्नरांना कळवायचं.

एका घटक राज्याच्या सभागृहानं देशाच्या संसदेचा कायदा तपासला, तो घटनाबाह्य ठरवला आणि स्वतःच्या कारकुनांना सांगितलं, की हात लावू नका. राज्याला हा अधिकार कुणी दिला? आणि तो नसेल, तर पुढं वॉशिंग्टनलाच माघार का घ्यावी लागली? हे प्रकरण मला या दोन प्रश्नांसाठी अभ्यासण्यासारखं वाटतं. दोन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि खरी गंमत तिथंच आहे.

लायसन्सचा प्रश्न वॉशिंग्टनला का पडला

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडं आरटीओ राज्याचा असला तरी लायसन्सचा कायदा केंद्राचा, १९८८चा. अमेरिकेत लायसन्स ही पूर्वापार राज्यांचीच बाब. ५० राज्यांचे ५० नमुने, ५० शुल्कं, कागदपत्रांचे ५० नियम. राष्ट्रीय ओळखपत्र हा शब्द काढला तरी तिथं उजव्यांच्याही भुवया चढतात आणि डाव्यांच्याही. त्यामुळं रोजच्या व्यवहारात ओळखीचा पुरावा म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, हा शिरस्ता पडला.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर या शिरस्त्याकडं संशयानं बघितलं जाऊ लागलं. १९ अपहरणकर्त्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांकडं कुठलं ना कुठलं अमेरिकी ओळखपत्र होतं, काहींनी तर ते लबाडीनं मिळवलेलं होतं, असं चौकशी आयोगानं २००४च्या अहवालात नोंदवलं. ओळखपत्रांसाठी देशभर किमान निकष असावेत, ही त्याची शिफारस होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसनं तसा कायदाही केला. त्यात निकष ठरवताना राज्यांना सोबत बसवायची तरतूद होती.

ही वाटाघाट नीट सुरू होण्याआधीच मोडली गेली. विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी जेम्स सेन्सेनब्रेनर यांनी रियल आयडी विधेयक आणलं. फेब्रुवारी २००५मध्ये ते प्रतिनिधीगृहात २६१ विरुद्ध १६१ मतांनी संमत झालं. सिनेटमध्ये त्याचं काय होईल याची खात्री नव्हती, म्हणून ते एका अशा विधेयकाला जोडून टाकलं, ज्याला विरोध करायची कुणाची छाती होणार नव्हती. इराक-अफगाणिस्तानातल्या सैन्याचा खर्च आणि हिंदी महासागरातल्या त्सुनामीग्रस्तांची मदत, असं ते तातडीचं विधेयक. सिनेटनं ते १०० विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. लायसन्सच्या भागावर तिथं वेगळी सुनावणीसुद्धा झाली नाही. ११ मे २००५ रोजी अध्यक्ष बुश यांनी सही केली. लग्नाच्या वरातीत घुसून जेवून जाणारा पाहुणा असतो, तसा हा कायदा आला.

त्यात मागितलं होतं ते असं. प्रत्येक अर्जदाराचा जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्ता आणि देशात कायदेशीर वास्तव्य असल्याचा पुरावा घ्यायचा. तो ज्या कार्यालयानं दिला त्याच्याकडून पडताळून घ्यायचा. कागदपत्रांच्या प्रतिमा वर्षानुवर्षं साठवायच्या. आणि राज्याची माहिती इतर राज्यांना इलेक्ट्रॉनिक मार्गानं उघडी करायची. मुदत तीन वर्षांची, म्हणजे ११ मे २००८.

पैशाचं काय? राज्यांच्या विधिमंडळांची, गव्हर्नरांची आणि वाहन खात्यांची अशा तीन राष्ट्रीय संघटनांनी २००६ साली एकत्र बसून हिशेब केला. पाच वर्षांत १,१०० कोटी डॉलरच्या वर खर्च निघाला, कारण साडेचोवीस कोटी लोकांना पुन्हा खिडकीवर बोलवावं लागणार होतं. काँग्रेसनं तोवर दिले होते ४ कोटी डॉलर. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण इंग्रजीत असती तर त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापली असती.

मेन पहिलं, मोंटाना कडक

बंडाची पहिली ठिणगी ईशान्येकडच्या मेन राज्यात पडली. २५ जानेवारी २००७ रोजी मेनच्या सिनेटनं ३४-० आणि प्रतिनिधीगृहानं १३७-४ मतांनी ठराव केला, की आम्ही हा कायदा राबवणार नाही. राज्यांना केंद्राचे हस्तक समजून वागवण्याचा त्यात निषेध होता. मेनचा अंदाजे खर्च होता पाच वर्षांत साडेअठरा कोटी डॉलर. पुढच्या दोन वर्षांत वीसहून अधिक राज्यांनी असे ठराव किंवा कायदे केले.

ठराव आणि कायदा यांतला फरक मात्र मोठा आहे. ठराव म्हणजे सभागृहानं मोठ्यांदा व्यक्त केलेली नाराजी. तो वॉशिंग्टनला पोस्टानं पाठवायचा आणि घरी जायचं. मोंटानानं थेट कायदा केला आणि त्यात स्वतःच्या प्रशासनाला मनाईहुकूम दिला. (मेननंही पुढं त्याच वर्षी मनाईचा कायदा केला.)

मोंटानाचं चित्र डोळ्यांपुढं आणायचं तर हे राज्य महाराष्ट्राहून मोठं, पावणेचार लाख चौरस किलोमीटरच्या वर. लोकसंख्या तेव्हा जेमतेम नऊ-साडेनऊ लाख. विधिमंडळ दर दोन वर्षांनी, विषम सालीच भरतं, तेही फार तर ९० कामकाजाचे दिवस. २००७ साली प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन ५०, डेमोक्रॅट ४९ आणि तिसऱ्याच एका छोट्या पक्षाचा एक सभासद असा पेच होता. भांडणं इतकी, की अर्थसंकल्प मंजूर न करताच अधिवेशन संपलं आणि मे महिन्यात खास अधिवेशन बोलवावं लागलं. त्याच सभागृहात रियल आयडीच्या विरोधात मात्र दोन्ही पक्ष एका सुरात बोलले. बोझमनचे डेमोक्रॅट सभासद ब्रॅडी वाइजमन यांनी ते विधेयक मांडलं होतं.

यामागं केवळ पैसा होता असं मला वाटत नाही. मोंटानाच्या १९७२च्या राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क शब्दांत लिहिलेला आहे, आणि राज्याचं तसंच सबळ हित दाखवल्याशिवाय त्याला धक्का लावता येत नाही. आपल्या नागरिकाचा जन्मदाखला स्कॅन करून ठेवायचा आणि त्याची माहिती इतर ४९ राज्यांपुढं उघडी करायची, ही कल्पना त्या कलमाच्या शेजारी ठेवून पाहिली की हेलेना या राजधानीत राग का उसळला ते कळतं.

श्वाइत्झर हा माणूसही या नाटकाला साजेसा. मृदाशास्त्र शिकलेला, सौदी अरेबियात सिंचनाची कामं केलेला, परत येऊन गुरंढोरं सांभाळणारा आणि कुत्र्याला घेऊन कचेरीत येणारा डेमोक्रॅट गव्हर्नर. वॉशिंग्टनला चार शब्द सुनावले की मोंटानात मतं कमी होत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मार्च २००८ : अळीमिळी गुपचिळी

राज्यांची ओरड वाढली तेव्हा देशांतर्गत सुरक्षा पाहणाऱ्या होमलँड सिक्युरिटी या संघीय खात्यानं जानेवारी २००८मध्ये अंतिम नियम काढले. ते बरेच सैल होते. राज्यांवरच्या खर्चाचा खात्याचा स्वतःचा आधीचा अंदाज १,४६० कोटी डॉलरचा होता, तो आता ३९० कोटींवर आला. मुदतवाढ मागायचीही सोय होती, फक्त ३१ मार्चपर्यंत अर्ज करायचा. ज्या राज्याचा अर्ज येणार नाही, त्याच्या नागरिकांचं लायसन्स ११ मेपासून विमानतळावर चालणार नाही, असं सचिव मायकेल चेर्टॉफ यांनी बजावलं.

बाहेरून पाहता मुदतवाढीचा अर्ज किरकोळ वाटतो, पण त्यात मेख होती. मुदतवाढ मागणं म्हणजे पुढं कधीतरी पालन करू असं ध्वनित करणं, आणि मोंटानाच्या कायद्यानं तर पालनच निषिद्ध केलेलं. श्वाइत्झर यांनी १७ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून आवाहन केलं, की मुदतवाढ मागू नका, एकत्र उभे राहू. मार्च सरत आला तेव्हा मैदानात चारच राज्यं उरली होती : मोंटाना, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना आणि मेन.

इथं त्या विषम सालाच्या अधिवेशनाचं महत्त्व कळतं. २००८ सम साल. विधिमंडळ बंद. कायदा बदलायचा तर खास अधिवेशन हवं, आणि ते कुणालाच नको होतं. म्हणजे गव्हर्नरच्या मनात नमतं घ्यायचं असतं तरी त्याचे हात बांधलेले होते. वाटाघाटीत असे बांधलेले हात ही मोठी ताकद असते. मला द्यायचंय हो, पण घरचे ऐकत नाहीत, हे सांगणाऱ्याशी घासाघीस करणं किती कठीण असतं ते जमिनीच्या व्यवहारात बसलेल्या कुणालाही विचारा.

तोडगा निघाला तो पत्रातून. मोंटानात लायसन्स देणारा विभाग राज्याच्या न्याय खात्यात येतो आणि त्या खात्याचा प्रमुख असतो ऍटर्नी जनरल. आपल्या ऍडव्होकेट जनरलसारखा तो नेमलेला नसून थेट लोकांनी निवडून दिलेला असतो. तेव्हाचे ऍटर्नी जनरल माइक मॅग्रा यांनी होमलँड सिक्युरिटीला कळवलं, की आमचा कायदा रियल आयडी राबवायला मनाई करतो. मात्र आमच्या लायसन्समध्ये सुरक्षेच्या अमुक अमुक गोष्टी आम्ही आपणहून आधीच केलेल्या आहेत, तेव्हा आमच्या लोकांना त्रास देऊ नये. मुदतवाढ हा शब्दसुद्धा त्यांनी विनंती म्हणून वापरला नाही.

खात्याचे सहायक सचिव स्ट्युअर्ट बेकर यांनी लगोलग उत्तर पाठवलं. तुमचं पत्र आम्ही मुदतवाढीचा अर्ज समजतो, आणि मुदतवाढ मंजूर करतो.

मी पाठवलं घोडं, त्यांना त्याला झेब्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणोत, अशा अर्थाचं काहीतरी श्वाइत्झर तेव्हा पत्रकारांना म्हणाले. न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायनाही थोड्याफार फरकानं याच दारातून बाहेर पडले. मेनला मात्र थोडं वाकावं लागलं. गव्हर्नर जॉन बाल्डाची यांनी लायसन्सचे नियम कडक करणारं विधेयक मांडायचं कबूल केल्यावर त्यांची सुटका झाली.

खातं इतकं उदार का झालं? विमानतळावरची अडवणूक हा कायद्याचा मुख्य दात होता आणि तो चावणार होता प्रवाशाला. साडेनऊ लाखांच्या राज्याचे लोक तपासणीच्या रांगेत अडकले असते, निवडणुकीच्या वर्षात टीव्हीवर दिसले असते, आणि त्यांनी शिव्या घातल्या असत्या त्या समोरच्या गणवेशातल्या संघीय कर्मचाऱ्याला. हेलेनातल्या आमदारांना नाही.

पण निवाडा खरा होता का?

आता पहिला प्रश्न. मोंटानाच्या विधिमंडळानं काढलेल्या घटनाभंगाच्या निष्कर्षाला कायद्यात किंमत किती?

कोर्टापुढं जवळपास शून्य. राज्यांनी काँग्रेसचे कायदे तपासावेत ही कल्पना १७९८च्या केंटकी आणि व्हर्जिनियाच्या ठरावांइतकी जुनी, आणि त्यांचे लेखक जेफरसन-मॅडिसनसारखे मातब्बर. पण १८३२ साली साउथ कॅरोलायनानं ती टोकाला नेऊन संघीय आयातकर आपल्या हद्दीत रद्द म्हणून जाहीर केले, तेव्हा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य वापरण्याची तयारी दाखवली. १९५०च्या दशकात दक्षिणेतल्या राज्यांनी हेच शस्त्र शाळांमधला वर्णभेद टिकवण्यासाठी उपसलं. १९५८च्या कूपर विरुद्ध आरोन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं, की घटनेचा आम्ही लावलेला अर्थ राज्यांच्या गव्हर्नरांना आणि विधिमंडळांना बंधनकारक आहे. तेव्हा मोंटानाची गोष्ट वाचून राज्यांच्या हक्कांचा जयजयकार करणाऱ्यांनी हा इतिहासही त्याच दमात वाचायला हवा.

रद्द करण्याच्या या वाटेशेजारून दुसरी एक पायवाट जाते. संघीय कायदा लागू आहे हे मान्य, पण तो राबवायला आमचे कर्मचारी का म्हणून द्यावेत? १८४२च्या प्रिग खटल्यात, पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या कायद्याच्या संदर्भात, हा विचार पुढं आला. १९९२च्या न्यूयॉर्क विरुद्ध अमेरिका निकालात तो पक्का झाला. ते प्रकरण किरणोत्सारी कचऱ्याचं होतं. आणि १९९७ साली प्रिंट्झ खटल्यात तो कर्मचाऱ्यांनाही लागू झाला. पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचं काम काँग्रेसनं स्थानिक शेरीफांवर टाकलं होतं. न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते रद्द केलं. संघराज्याला राज्याचे अधिकारी वेठीला धरता येणार नाहीत, असं न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं. यातला शेरीफ जे प्रिंट्झ कुठला? मोंटानाच्या रवाली काउंटीचा. म्हणजे २००७ साली हेलेनात विधेयकाच्या बाजूनं मत देणाऱ्यांच्या खिशात दहा वर्षांपूर्वी आपल्याच शेरीफनं जिंकलेला निकाल होता.

मग मोंटाना कोर्टात गेलं असतं तर जिंकलं असतं का? माझं मत, बहुधा नाही. इथंच घोडं पेंड खातं. कायद्याचा मसुदा करणारे हुशार होते. राज्यांनी अमुक करावंच, असं त्यात म्हटलेलंच नाही. संघीय कार्यालयांनी या निकषांत न बसणारं लायसन्स सरकारी कामासाठी स्वीकारू नये, एवढंच म्हटलंय. हुकूम आहे तो संघाच्या स्वतःच्या कचेऱ्यांना. वेगळ्या खुणेचं, निकषाबाहेरचं लायसन्स देण्याची मुभाही राज्यांना त्याच कायद्यात आहे. कागदावर पाहिलं तर सगळं ऐच्छिक. शिवाय वाहन खात्याकडच्या माहितीवर काँग्रेस नियम करू शकते, हे २००० साली रिनो विरुद्ध कॉन्डन खटल्यात एकमतानं ठरलेलं होतं, आणि त्यात हरलेलं राज्य होतं साउथ कॅरोलायना.

म्हणजे दहाव्या दुरुस्तीचा आरोप हा त्या कायद्यातला सगळ्यांत कच्चा भाग. तो आरोप कुठल्याही कोर्टानं तपासला नाही, कारण तपासायची गरजच पडली नाही. काम केलं ते पुढच्या कोरड्या वाक्यानं : खात्यानं हे राबवायचं नाही.

त्याच गव्हर्नरची दुसरी सही

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे मोंटानानंच दोन वर्षांत दाखवून दिलं. २००९ साली श्वाइत्झर यांनीच आणखी एका कायद्यावर सही केली. मोंटानात बनलेली आणि मोंटानाच्या हद्दीतच राहणारी बंदूक किंवा काडतूस हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून संघीय बंदूक कायदे त्यांना लागूच होत नाहीत, असं त्यात जाहीर केलं होतं. विश्वास तोच, आवेशही तसाच.

यावेळी वॉशिंग्टन हललं नाही. लायसन्स न घेता बंदुका बनवाल तर संघीय गुन्हा होईल, असं संबंधित खात्यानं कळवलं. समर्थक कोर्टात गेले आणि ऑगस्ट २०१३मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं त्यांच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं पुढचं अपील ऐकायलाही नकार दिला.

दोन्ही कायद्यांत विधिमंडळानं घटनेचा स्वतःचा अर्थ लावला होता. पहिल्यात राज्यानं आपले हात मागं घेतले. दुसऱ्यात त्यानं संघाचे हात धरायचा प्रयत्न केला. संघीय खात्याला बंदूकवाल्यावर कारवाई करायला मोंटानाच्या कारकुनाची गरजच नव्हती, त्यांची माणसं होती. लायसन्स छापायला मात्र ती गरज होती, कारण वॉशिंग्टनकडं लायसन्सची एकही खिडकी नाही.

युटा राज्यानं जानेवारी २०२४मध्ये केलेला कायदा पाहिला की हा धडा कुणीतरी नीट गिरवलाय असं वाटतं. एखादा संघीय आदेश राज्याच्या सार्वभौमत्वावर आक्रमण करतो असं विधिमंडळाला वाटलं, तर दोन्ही सभागृहांनी संयुक्त ठराव करायचा, आणि मग राज्याच्या अधिकाऱ्यांनी तो राबवायचा नाही, अशी कायमची यंत्रणाच त्यानं उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षणातल्या लिंगभेदाविषयीच्या नव्या संघीय नियमांवर तिचा वापरही झाला. भाषा सार्वभौमत्वाची, पण कळ तीच, आपल्या कर्मचाऱ्यांना आवरण्याची. विधिमंडळाला घटनेचा न्यायनिवाडा असा घाऊक करू द्यावा का, याबद्दल मी साशंक आहे. समोरची बाजू न ऐकता, बहुमताच्या जोरावर काढलेल्या निष्कर्षाला निवाडा म्हणायचं म्हणजे शब्दाचा अपमानच.

दहा वर्षांनी

पुढची हकीकत थोडक्यात. अॅरिझोनाच्या गव्हर्नर जॅनेट नेपोलिटानो यांनी जून २००८मध्ये आपल्या राज्यात रियल आयडीला मनाई करणाऱ्या कायद्यावर सही केली. सात महिन्यांत त्या ओबामांच्या मंत्रिमंडळात होमलँड सिक्युरिटीच्या सचिव झाल्या, म्हणजे त्याच कायद्याच्या राखणदार! त्यांनी तो पातळ करणाऱ्या ‘पास आयडी’ विधेयकाला पाठिंबा दिला. ते बारगळलं, आणि मुदत पुढं ढकलणं हाच उद्योग उरला.

डिसेंबर २०१३मध्ये खात्यानं नवी चाल केली. एकदम विमानतळ नको, पायरीपायरीनं जाऊ. आधी स्वतःची कचेरी, मग इतर संघीय इमारती, मग लष्करी तळ. हा डाव जास्त धूर्त होता. लष्करी तळाच्या फाटकावर अडतो तो तिथं कामाला जाणारा कंत्राटदार किंवा सामान पोचवणारा ड्रायव्हर. त्याची संख्या थोडी, बातमी लहान, पण पोटावर पाय येतो आणि तो आपल्या आमदाराला फोन करतो. मोंटानात ग्रेट फॉल्सला मॅल्मस्ट्रॉम हा हवाई दलाचा तळ आहे. त्यातच जानेवारी २०१६मध्ये जाहीर झालं, की पालन न करणाऱ्या राज्यांची लायसन्स २२ जानेवारी २०१८पासून विमानतळावरही चालणार नाहीत.

२०१७च्या अधिवेशनात मोंटानानं कायदा बदलला. ज्याला हवं त्यानं जास्तीचं शुल्क भरून रियल आयडी घ्यावं, बाकीच्यांना जुनं साधं लायसन्स. गव्हर्नर स्टीव्ह बुलॉक यांनी त्यावर सही केली. मेननंही एप्रिल २०१७मध्ये माघार घेतली. सप्टेंबर २०२०पर्यंत सगळी ५० राज्यं निकषांत बसल्याचं खात्यानं जाहीर केलं. कोविडमुळं आणि नंतरही तारखा सरकत सरकत प्रत्यक्ष अंमल सुरू झाला तो ७ मे २०२५ रोजी, मूळ मुदतीनंतर तब्बल १७ वर्षांनी.

याला मोंटानाची हार म्हणायचं का? प्रत्येकाला सक्तीचं असं कार्ड झालं नाही, निवड राहिली, खर्चाचा आकडा खाली आला, माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम सैल झाले. विरोधाशिवाय यातलं फारसं मिळालं नसतं. पण ताऱ्याची खूण असलेलं रियल आयडी कार्ड आता देशभर आहे, हेही खरं.

आपल्या माणसांना हे कुठं लागतं

एच-वन बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांना हा कायदा त्याच्या नावानं माहीत नसला तरी त्याची चव माहीत असते. तात्पुरत्या वास्तव्यावर असलेल्याला मिळणारं रियल आयडी हे वास्तव्याच्या मंजुरीपुरतंच. त्या मंजुरीची मुदत जिथं संपते तिथं लायसन्सही संपतं, आणि मुदतवाढीचा कागद हाती येईपर्यंत गाडी दारात उभी. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्या कागदावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर मधलं नावच नाही. ही नावं का वेगळी, याचा कागद खिडकीवर मागितला जातो, आणि लग्नानंतर नाव बदलण्याची आपली सैलसर पद्धत तिथल्या चौकटीत काही केल्या बसत नाही.

भारतात मोंटानासारखा नकार देता येईल का? राज्यघटनेचं कलम २५६च सांगतं, की संसदेच्या कायद्यांचं पालन होईल अशा रीतीनं राज्यानं कार्यकारी सत्ता वापरावी, आणि केंद्र तसे निर्देश देऊ शकतं. निर्देश न पाळणाऱ्या राज्यासाठी कलम ३६५ आहे. केरळ विधानसभेनं डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध ठराव केला, पण दाद मागायला त्या राज्याला सर्वोच्च न्यायालयातच जावं लागलं. जवळचं उदाहरण मात्र आपल्या घरचंच आहे, आणि तेही वाहनांचंच. २०१९ साली केंद्रानं वाहतुकीचे दंड अनेक पटींनी वाढवले. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबरमध्ये ते लागू करायचं थांबवलं. खटल्याऐवजी भरायचं तडजोड शुल्क ठरवायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम २०० नं राज्याला दिलेला होता. दिल्लीत आणि मुंबईत तेव्हा सत्ता एकाच युतीची, घटनेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. नवे दर महाराष्ट्रात आले ते डिसेंबर २०२१मध्ये.

मोंटानात आजही खिडकीवर दोन्ही लायसन्स मिळतात. साधं घेणाऱ्याला विमानतळावर पासपोर्ट किंवा दुसरं मान्य ओळखपत्र दाखवावं लागतं. तेही नसेल तर फेब्रुवारी २०२६पासून ओळख पटवून घेण्यासाठी ४५ डॉलर मोजावे लागतात, आणि ते हेलेनाच्या नाही, वॉशिंग्टनच्या तिजोरीत जमा होतात.